ट्रॅक डेची तयारी: ब्रेक ऑइलपासून चाकाच्या नटापर्यंत

स्वतःची स्पोर्ट्स कार घेऊन बंद ट्रॅकवर जाणाऱ्या हौशी चालकांकडून या सदरासाठी प्रश्न मागवले होते. ताकद कशी वाढवायची, यावर बरीच पत्रं आली. त्यांचं उत्तर थोडक्यात दिलं आहे. रस्त्यावर ठणठणीत असलेली गाडी ट्रॅकवर पाचव्या लॅपला मान टाकते ती ताकद कमी पडल्यामुळे नव्हे, तर उष्णतेमुळे. म्हणून जास्त जागा ब्रेक, टायर आणि ऑइलला दिली आहे.

प्रश्न: गाडी दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणारी, वजन सुमारे १,२०० किलो. ट्रॅकवर पाचव्या लॅपला ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर ब्रेक लागला. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर सगळं ठीक. मेकॅनिक मास्टर सिलिंडर बदला म्हणतो. बदलू का?

मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाला, सध्या हात लावू नका. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं आहे. सिलिंडरचं सील गेलं असतं, तर गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत गेलं असतं, आणि तेही थंड गाडीत. ही चाचणी आजच करून पाहा. पेडल जागचं हललं नाही, तर सिलिंडर शाबूत आहे असं धरायला हरकत नाही.

असं का होतं ते आकड्यांत सांगतो. १,२०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणताना ब्रेकना सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तीन लिटर गार पाण्याला उकळी आणेल एवढी ही उष्णता, आणि ती तीन-चार सेकंदांत तयार होते. एका लॅपमध्ये असे चार-पाच ब्रेक असतात. त्याच वळणावर तुम्ही १६० ऐवजी १८० ने आलात, तर हीच ऊर्जा १३ लाखांच्या वर जाते. वेग साडेबारा टक्क्यांनी वाढला, उष्णता मात्र तीस टक्क्यांनी. म्हणून चालकाचा हात सुधारू लागला की कालपर्यंत पुरणारे ब्रेक आज पुरत नाहीत.

ही उष्णता डिस्ककडून पॅडला, पॅडकडून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिस्टनला आणि तिथून ऑइलला पोचते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो. गाडी थंड झाली की वाफ परत द्रवात जिरते. दुसऱ्या दिवशी ‘सगळं ठीक’ वाटलं ते यामुळेच.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि जितकं पाणी जास्त तितकं ते लवकर उकळतं. मानकानुसार डॉट ३ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला आणि ओल शोषल्यावर १४० ला उकळतं. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ओल शोषलेलं म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी असलेलं. दोन-तीन वर्षं न बदललेलं डॉट ४ घेऊन तुम्ही ट्रॅकवर उतरलात, तर प्रत्यक्षात तुमच्याकडे नव्या डॉट ३ पेक्षाही लवकर उकळणारं ऑइल असू शकतं. ट्रॅकसाठी कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असलेलं, ग्लायकॉलवर आधारित ऑइल घ्या. नावाच्या साधर्म्याने एक घोटाळा होतो: डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, डॉट ५.१ शी त्याचा संबंध नाही. ते तुमच्या सिस्टीममध्ये घालू नका.

पूर्ण बदलायला एक लिटरची सीलबंद बाटली पुरते. आधी पिचकारीने टाकीतलं जुनं ऑइल ओढून काढा आणि नवं भरा. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करतात, पण सगळ्यांत नाही. कॅलिपरच्या निपलवर (ऑइल सोडायच्या छोट्या स्क्रूवर) रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी लावा आणि नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. मदतनीस पेडल सावकाश दाबत असताना निपल पाव फेरा उघडा आणि पेडल वर येण्याआधी बंद करा. क्रम चुकला, म्हणजे पेडल आधी सुटलं, की हवा आत ओढली जाते आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. दर आठ-दहा वेळा दाबल्यावर टाकीतली पातळी बघा. टाकी कोरडी पडली आणि एबीएसच्या पंपात हवा शिरली, तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅन टूल लागतं.

जुन्या गाडीत पेडल पार तळाला नेऊ नका. खाली लाकडी ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज आणि गाळ बसतो, आणि सील त्यावर घासून फाटतं. मग मेकॅनिकचं म्हणणं खरं व्हायला वेळ लागत नाही! निपल पोकळ असतो, तो ताकदीने आवळला की तुटतो. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हे ऑइल एकदा पूर्ण बदललं की वर्षभर राहू देऊ नका. दर ट्रॅक डेआधी प्रत्येक कॅलिपरमधून थोडं ऑइल सोडून हवा काढा. सर्वांत जास्त तापलेलं ऑइल तिथेच असतं.

आणि एक फरक ध्यानात ठेवा. पेडल मऊ पडून खाली गेलं तर दोष ऑइलचा. पेडल दगडासारखं कडक आहे, पाय जोराने दाबलाय, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेले आहेत. पहिल्याला नवं ऑइल हवं, दुसऱ्याला वेगळे पॅड. दोन्हींत त्या क्षणी करायचं एकच: वेग उतरवा, एक लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता फिरा आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, या.

प्रश्न: ट्रॅकसाठीचे पॅड टाकले. पहिल्याच दिवसानंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. ‘डिस्क वाकल्या, लेथवर घासून आणा’ असं सांगण्यात आलं. डिस्क इतक्या लवकर वाकतात का?

लोखंडी डिस्क सहसा वाकत नाही. पॅडचा माल तिच्यावर कमी-जास्त जाडीने चिकटतो आणि तो उंचवटा पॅडखालून गेला की थरथर होते. बॅटरी घेऊन डिस्क तिरक्या उजेडात पाहा. पॅडच्या आकाराचा काळपट डाग, कधी कडेची रेघसुद्धा, स्पष्ट दिसेल. सेशन संपवून पिटमध्ये येऊन ब्रेकवर पाय दाबून थांबलं, की नेमका असा ठसा उमटतो. हँडब्रेक ओढला तर मागच्या डिस्कवर तेच. तापलेली गाडी गिअरमध्ये उभी करा आणि चाकाला ओट लावा.

दुसरं कारण म्हणजे पॅड बसवून न घेणं. नवा पॅड नुसता दाबत नाही. त्याच्या मालाचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. पॅडसोबत आलेली सूचना असेल तर तीच पाळा. नसेल तर पहिल्या मोकळ्या सेशनमध्ये ताशी १०० वरून २५-३० पर्यंत आठ-दहा वेळा बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारा. एबीएस लागू द्यायचा नाही आणि गाडी पूर्ण थांबवायची नाही. नंतर दहा मिनिटं ब्रेक न वापरता फिरून थंड करा. पहिल्यांदा जळका वास आणि थोडा धूर येतो. त्याने घाबरू नका.

तुमच्या गाडीवर आधी हीच पद्धत पुन्हा करून पाहा. डाग अनेकदा निघतो. नाहीच निघाला तर डिस्क काढा, पॉलिश पेपरने घासा, आणि हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. हब आणि डिस्कमध्ये गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क डगमगत फिरते. लेथ शेवटी, आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी पाहूनच. पातळ केलेली डिस्क उष्णता कमी साठवते, म्हणजे मूळ दुखणं वाढवूनच घरी येते.

पॅडचा माल नव्यात साधारण १० ते १२ मिमी असतो. निम्म्याखाली आलेले पॅड घेऊन ट्रॅकवर जाऊ नका. पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनला जाते. डिस्कवर केसासारख्या बारीक भेगा चालतात. भेगेत नख अडकत असेल, किंवा भेग कडेपर्यंत पोचली असेल, तर ती डिस्क त्याच दिवशी बाद. भोकं पाडलेल्या डिस्कमध्ये भेगा भोकांपासून सुरू होतात. ट्रॅकसाठी साधी किंवा खाचा असलेली डिस्क बरी.

प्रश्न: टायरमध्ये हवा किती ठेवावी? दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३२ पीएसआय ठेवली तर दुसऱ्या लॅपनंतर गाडी घसरायला लागते.

ट्रॅकवर थंड टायरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, तापलेल्या टायरचा आकडा महत्त्वाचा. टायरमधली हवा साधारण ६ अंशांनी तापली की दाब १ पीएसआयने वाढतो. म्हणजे तुमचे ३२ चार-पाच लॅपमध्ये ३९-४० होतात, टायर मधोमध फुगतो आणि कडा जमिनीला नीट टेकत नाहीत.

रस्त्याच्या टायरवर हलक्या स्पोर्ट्स कारसाठी तापलेला दाब ३२ ते ३६ च्या दरम्यान आणायचा असतो. सकाळी थंड असताना २७-२८ पासून सुरू करा. पहिला सेशन झाला की दोन मिनिटांच्या आत चारही टायर मोजा आणि जास्तीची हवा सोडा. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतील तर डावीकडचे टायर जास्त तापतात, त्यामुळे चारही चाकांतून हवा वेगवेगळी सुटेल, आणि तसंच सुटू द्या. दर सेशननंतर हेच, दुपारपर्यंत आकडे स्थिरावतात. गेज एकच वापरा. दोन गेजमध्ये दोन पीएसआयचा फरक सहज निघतो. सगळे आकडे वहीत लिहून ठेवा, हवेच्या तापमानासकट.

हवा फार कमी झाली का ते पाहायला टायरच्या खांद्यावरून बाजूपर्यंत खडूची रेघ ओढा. बहुतेक टायरवर खांद्याजवळ एक छोटा त्रिकोण असतो. रेघ त्रिकोणापर्यंत पुसली गेली तर ठीक. त्याखाली पुसली गेली तर टायर कुशीवर चालतोय, हवा वाढवा.

घरी निघताना हवा भरायला विसरू नका. थंड झाल्यावर ते टायर २५-२६ वर येतात, आणि हायवेला एवढ्या कमी हवेवर टायर आतून तापतो.

प्रश्न: पुढच्या टायरची बाहेरची कड दोन ट्रॅक डेमध्ये संपली, आतला भाग नव्यासारखा. टायर कमी दर्जाचे निघाले का?

टायरचा दोष नाही, कॅम्बर कमी आहे. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; वरची बाजू आत झुकली की तो उणे. वळणात गाडी कलली की बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं आणि सगळा भार कडेवर येतो. कारखान्यातून आलेल्या गाडीत पुढे उणे अर्धा ते एक अंश कॅम्बर असतो. ट्रॅकला पुढे उणे २ ते २.५ आणि मागे त्याहून अर्धा अंश कमी, इथून सुरुवात करा. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळली आहेत, तोसुद्धा बदलतो, म्हणून टो नेहमी शेवटी जुळवायचा: पुढे शून्य, मागे किंचित आत. रोजच्या वापरात टायर खातो तो चुकलेला टो. दोन अंश कॅम्बरला लोक उगाच दोष देतात.

अंदाजाने करायचं नसेल तर सुईचा तापमापक घ्या आणि सेशननंतर रबरात टोचून आत, मध्ये आणि बाहेर असं तीन ठिकाणी तापमान पाहा. आतली बाजू बाहेरपेक्षा ५ ते ८ अंश जास्त गरम असली तर कॅम्बर बरोबर. बाहेरची जास्त गरम तर अजून कमी आहे. लेझर दाखवणारा तापमापक फक्त वरची कातडी मोजतो, आणि ती पिटपर्यंत येता येता गार होते.

प्रश्न: लांब उजव्या वळणात ऑइल प्रेशरचा दिवा क्षणभर लागतो, सरळ रस्त्यावर येताच विझतो. डिपस्टिकवर ऑइल मधोमध आहे. चिंता करावी का?

हो. आणि उत्तर मिळेपर्यंत ती गाडी ट्रॅकवर नेऊ नका.

हा दिवा साध्या गाड्यांत अगदी कमी दाबाला, साधारण अर्ध्या बारच्या खाली लागतो. पाच-सहा हजार आरपीएमवर बेअरिंगना तीन-चार बार हवे असतात. म्हणजे दिवा लागण्याच्या बऱ्याच आधीपासून बेअरिंग उपाशी होते.

घडतं असं: वळणात गाडीवर एक जीएवढं, म्हणजे तिच्या वजनाइतकं, आडवं बल आलं, की चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या) ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. सगळं ऑइल एका भिंतीवर चढतं, पंपाची शोषनळी उघडी पडते आणि हवा ओढते. छोट्या वळणात हे निभावतं. वळण चार-पाच सेकंद लांबलं की नळीतलं ऑइल संपतं. टायर जितके चिकट तितका हा धोका मोठा. रस्त्याच्या टायरवर कधीच न दिसलेला दिवा स्लिकवर (खाचा नसलेल्या रेसिंग टायरवर) पहिल्या दिवशी दिसू शकतो.

बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये जवळपास एक लिटरचा फरक असतो. मधोमध म्हणजे तुम्ही अर्धा लिटर कमी घेऊन फिरताय. वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर मात्र नाही. क्रँक ऑइलमध्ये बुडून फिरला की फेस होतो, आणि फेस बेअरिंगला सांभाळत नाही. दर सेशननंतर गाडी सपाटीवर उभी करून पाच मिनिटांनी पातळी पाहा. एवढ्याने थांबलं नाही तर चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या आणि झडपा असलेली बॅफल प्लेट बसवा. सोबत खरा प्रेशर गेज हवाच. ऑइलचं तापमान १३० अंशांच्या पुढे जात असेल, तर थर्मोस्टॅट असलेला ऑइल कूलर लावा. बिनथर्मोस्टॅटचा कूलर रस्त्यावर ऑइल तापूच देत नाही.

तुमच्या इंजिनाचं आत्ताच तपासायचं असेल तर ऑइल काढा आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरा. चंदेरी किंवा तांबूस चमक दिसली, आणि ते कण चुंबकाला चिकटत नसतील, तर ते बेअरिंगचे आहेत. इंजिन तिथेच उघडा.

प्रश्न: मूळ सीटवर चार पॉइंटचा हार्नेस लावावा का? वळणात अंग सरकतं.

लावू नका, असं स्पष्ट सांगतो. चार पॉइंटच्या हार्नेसमध्ये मांड्यांमधला पट्टा नसतो. धडकेत खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात आणि शरीर खालून निसटतं. शिवाय रोल बार नसलेली गाडी उलटली, तर छप्पर खाली येत असताना हार्नेस तुम्हाला ताठ धरून ठेवतो. मूळ तीन पॉइंटचा पट्टा, मूळ सीट आणि एअरबॅग हे एकत्र विचार करून बनवलेले असतात. हार्नेस हवा असेल तर सहा पॉइंटचा, सोबत बकेट सीट, रोल बार आणि मान सांभाळणारं हॅन्स, असं सगळं एकदम करा. खांद्याचे पट्टे मागे आडवे किंवा फार तर २० अंश खाली उतरते असावेत.

तोपर्यंत अंग सरकू नये म्हणून सीट थोडी मागे घ्या, पट्टा झटका देऊन लॉक करा आणि सीट पुढे आणा. कमरेचा पट्टा घट्ट बसतो. हेल्मेट घेताना स्नेल संस्थेच्या, कार रेसिंगसाठीच्या एसए मानकाचं घ्या. मोटरसायकलसाठीच्या एम मानकात आगीची चाचणी नसते.

प्रश्न: पहिल्या ट्रॅक डेआधी एक्झॉस्ट, एअर फिल्टर आणि रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घ्यायचा विचार आहे. आधी काय करू?

यातलं काहीच नको. एक्झॉस्टमुळे उलट गेटवरूनच परत यावं लागू शकतं. अनेक ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते आणि पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरून ती मोजतात. ते पैसे ऑइल, पॅड, टायर आणि एखाद्या चांगल्या प्रशिक्षकावर घाला.

प्रश्न: चाकाचा एक स्टड तुटला. नट तर नेहमी गनने घट्ट करून घेतो.

म्हणूनच तुटला. गन नट किती आवळते ते कुणालाच कळत नाही आणि स्टड ताणला जातो. आट्यांना ग्रीस लावत असाल तर तेही थांबवा. त्याच टॉर्कला ताण कितीतरी वाढतो. त्या चाकाचे सगळे स्टड बदला, कारण तुटलेल्याच्या वाटचा भार शेजाऱ्यांनी सोसला आहे. १२ मिमीच्या स्टडला बहुधा १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात; नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट घेत, दोन टप्प्यांत आवळा. बाहेरची चाकं लावली असतील तर १.५ मिमी आट्यांचा नट किमान आठ फेरे चढतो का ते मोजा आणि नटाची बैठक, शंकूची की गोलाकार, चाकाशी जुळते का ते पाहा. सेशननंतर चाक थंड झाल्यावर पुन्हा पाना लावा. गरम असताना आवळलेला नट थंड झाल्यावर ढिला निघू शकतो.

प्रश्न: आदल्या दिवशी काय तपासू, आणि सोबत काय नेऊ?

गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा. प्ले आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर आला तर टाय रॉड. बॅटरीचा क्लॅम्प हाताने ओढून पाहा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढा. टायरवरच्या चार अंकी कोडवरून वय पाहा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनी, जॅक, पायपुसण्या आणि सीटखालची पाण्याची बाटली, सगळं बाहेर. ती बाटली ब्रेक पेडलखाली गेली की काय होईल ते सांगायला नको. टो हुक (गाडी ओढून नेण्याचा हुक) आधीच बसवून पाहा. काही गाड्यांत त्याच्या आट्या उलट्या असतात आणि ट्रॅकच्या कडेला ते कळून उपयोग नाही.

सोबत टॉर्क पाना, एअर गेज, छोटा कंप्रेसर, एक लिटर इंजिन ऑइल, सीलबंद ब्रेक ऑइल आणि निपलची नळी, जुने पण चांगले पॅड, कुलंट, जाड चिकटपट्टी. टाकी निम्म्याहून खाली जाऊ देऊ नका. ट्रॅकवर पेट्रोल रस्त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं, आणि पाव टाकीवर लांब वळणात पंप हवा ओढतो, इंजिन अडखळतं. गाडीत ते ब्रेक मारल्यासारखं जाणवतं आणि मागून येणाऱ्याला काहीच कळत नाही.

पहिले दोन लॅप टायर आणि ऑइल तापवण्यासाठी, शेवटचा लॅप ब्रेक थंड करण्यासाठी. पिटमध्ये आल्यावर बॉनेट उघडा, पंखा चालू असेल तर चालू राहू द्या. परतीला निघण्याआधी पॅडची जाडी कॅलिपरच्या खिडकीतून पाहा आणि नटांना शेवटचा पाना लावा.